‘गाडी घसरून पडलो’ : मोटार अपघाताच्या क्लेममधले शब्द आणि त्यांची किंमत

‘मोटारसायकल घसरून पडल्याने जखम.’ केसपेपरवरच्या या चार शब्दांनी माझ्या एका पक्षकाराची दोन वर्षं खाल्ली. घडलं होतं असं : मागून टेम्पोची धडक बसली आणि पाय मोडला. भावाने त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ‘पोलीस केस सांगितली तर उपचाराला उशीर होतो,’ असं कोणीतरी कानात सांगितलं, म्हणून भावाने डॉक्टरांना सांगितलं की गाडी घसरली. फिर्याद एकोणीस दिवसांनी दिली. पुढे विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत तोच केसपेपर पुढे केला आणि एकच प्रश्न विचारला, ‘यात टेम्पो कुठे आहे?’

अपघाताच्या क्लेममध्ये असंच होतं. कायद्याचे शब्द लोकांना निवाड्याच्या दिवशी कळतात, पण त्यातले अर्धेअधिक पहिल्या आठवड्यातच कागदावर उमटून गेलेले असतात. म्हणून हे शब्द इथे ज्या क्रमाने तुमच्यासमोर येतील, त्याच क्रमाने घेतो.

पहिला आठवडा : हिस्ट्री, एमएलसी, फिर्याद, पंचनामा

हिस्ट्री म्हणजे दवाखान्यात दाखल होताना रुग्णाने किंवा नातेवाइकाने सांगितलेली हकीकत. ती डॉक्टर लिहितात, पण शब्द तुमचे असतात. कोणत्या वाहनाने, कुठे आणि साधारण किती वाजता धडक दिली, एवढं त्यात यायलाच हवं. वाहनाचा नंबर माहीत नसेल तर ‘अनोळखी वाहनाची धडक’ असं सांगा, ‘पडलो’ असं सांगू नका. अपघाताची केस असेल तर दवाखाना एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय केस, नोंदवून पोलिसांना कळवतो. एमएलसीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा. उपचार अडतील ही भीती बाळगू नका. मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे. तिच्यात नेमलेल्या रुग्णालयांमध्ये पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार होतो.

फिर्याद म्हणजे एफआयआर. तिच्यावर ‘गु.र.नं.’ असतो, म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. पुढचा सगळा पत्रव्यवहार या नंबरावर चालतो. 1 जुलै 2024 पासून तिच्यात भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात : बेदरकार वाहन चालवल्याबद्दल 281, दुखापतीसाठी 125, मृत्यू झाला असेल तर 106. त्याआधीच्या अपघातांच्या कागदांवर जुनी 279, 337, 338 आणि 304-अ दिसतील. कलमांपेक्षा मजकूर महत्त्वाचा. ‘समोरून येणाऱ्या ट्रकने आपली बाजू सोडून’ या सहा शब्दांना पुढे लाखांची किंमत येते. फिर्याद उशिरा दिल्याने क्लेम आपोआप बुडत नाही, पण उशिराचं कारण फिर्यादीतच लिहून घ्या.

आता पंचनामा. माझ्या मते अख्ख्या फाईलमधला हा सर्वांत दुर्लक्षित कागद. घटनास्थळ पंचनाम्यात रस्त्याची दिशा, डांबरी भागाची रुंदी, साइडपट्टी, ब्रेकचे व्रण किती फूट, काचांचा चुरा कोणत्या बाजूला, दोन्ही वाहनं कशी उभी किंवा आडवी आणि कोणती बाजू चेपली, हे सगळं येतं. सोबत हाताने काढलेला कच्चा नकाशा असतो. रस्ता पूर्व-पश्चिम आहे, मोटारसायकल पूर्वेकडून येत होती आणि काचा दक्षिण कडेला पडल्या आहेत, एवढ्यावरून कोण कोणाच्या बाजूला घुसलं ते कळतं. अडचण अशी की पोलीस बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळी येतात आणि तोवर वाहतूक मोकळी करण्यासाठी गाड्या कडेला लावलेल्या असतात. म्हणून घरातल्या कोणीतरी त्याच वेळी मोबाइलवर फोटो काढावेत. जवळून चार आणि लांबून चार, मागे मैलाचा दगड किंवा दुकानाची पाटी दिसेल असे.

मृत्यू झाला असेल तर मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल हे दोन कागद वेगळे मिळतात. दोन्हींत मृताचं वय एकच आहे का, ते लगेच तपासा. वयाचं महत्त्व पुढे हिशेबात कळेल.

अपघात एक, केस दोन

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं की लोकांना वाटतं, आता भरपाई मिळेल. तसं नाही. फौजदारी खटला सरकार विरुद्ध चालक असा असतो. त्यात शिक्षा होते, तुमच्या हातात पैसे येत नाहीत. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा अर्ज करावा लागतो. बोलताना सगळे त्याला एमएसीटी म्हणतात आणि अर्ज करण्याला ‘क्लेम टाकणे’. आपल्याकडे जिल्हा न्यायालयाच्या आवारातच हे काम चालतं.

दोन्हीकडे पुराव्याचं मापही वेगळं. फौजदारीत गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. क्लेममध्ये ‘जास्त शक्य काय’ एवढं पुरतं. त्यामुळे चालक निर्दोष सुटला तरी क्लेम मंजूर होऊ शकतो. हे ऐकून मंडळी चकित होतात, पण न्यायालयात रोजचंच आहे.

2022 पासून पोलिसांवर आणखी एक जबाबदारी आहे. पहिला अपघात अहवाल 48 तासांत, अंतरिम अहवाल 50 दिवसांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. न्यायाधिकरण तो अहवालच अर्ज मानून पुढे जाऊ शकतं. कागदावर व्यवस्था छान आहे. तरी पोलीस ठाण्यात जाऊन अहवाल गेला का ते विचारा, आणि स्वतःचा अर्ज टाकायचं थांबवू नका.

कोणतं कलम, कोणाविरुद्ध, किती दिवसांत

मोटार वाहन कायदा 1988 चा, पण 2019 च्या दुरुस्तीने अपघाताचा सगळा भाग बदलला आणि तो 1 एप्रिल 2022 पासून लागू झाला. इंटरनेटवर अजून जुनं 163-अ आणि कलम 140 फिरतं आहे. नव्या अपघातासाठी ते विसरा. आता तीन वाटा आहेत.

कलम 166 ही मुख्य वाट. समोरच्याची चूक सिद्ध करायची आणि खरं नुकसान मागायचं. रकमेला वरची मर्यादा नाही.

कलम 164 मध्ये चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, ठरलेली रक्कम. पण ती स्वीकारली की 166 चा अर्ज संपतो. कमावता माणूस गेला असेल तर घाईने 164 वर सही करू नका. विमा कंपनीचा माणूस घरी येऊन ‘पाच लाख लगेच’ म्हणाला, तर आधी खालचा हिशेब करून पाहा.

कलम 161 म्हणजे हिट अँड रन, धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही तेव्हाची तरतूद. मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर दुखापतीसाठी 50 हजार. हा अर्ज न्यायालयात नाही, तर दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची असते. पुढे वाहन सापडून भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वळती होते.

166 च्या अर्जात तुम्ही अर्जदार आणि समोरचे सामनेवाले. वाहनाचा मालक आणि विमा कंपनी हवेतच, चालकालाही घाला. इथे मालक म्हणजे आरसी बुकावर नाव असलेला माणूस. जुनी मोटारसायकल विकून टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर, सह्या केल्या, पण आरटीओत नाव बदललं नाही, तर जबाबदारी तुमच्याच गळ्यात राहते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. वाहन विकलेल्या प्रत्येकाने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

अर्ज कुठे करायचा याचे तीन पर्याय आहेत : अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे. पुण्याला नोकरी करणाऱ्या लातूरच्या माणसाचा अपघात सोलापूरजवळ झाला, तरी घरच्यांना लातूरला क्लेम टाकता येतो.

मुदत अपघातापासून सहा महिने. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की तूर्त केवळ मुदतीच्या कारणावर अर्ज फेटाळू नयेत. त्यामुळे सहा महिने उलटले असतील तर हातपाय गाळू नका. उलटले नसतील तर मात्र सहा महिने हीच मुदत धरून चला.

चूक कोणाची : दोन शब्द सारखे दिसतात, पण पैसे वेगळे

निष्काळजीपणा हा 166 चा कणा. त्याचे दोन उपप्रकार नीट समजून घ्या.

सहभागी निष्काळजीपणा म्हणजे जखमी किंवा मृत व्यक्तीचीही थोडी चूक. न्यायाधिकरण टक्केवारी ठरवतं आणि तेवढी रक्कम कापतं. वीस टक्के चूक तर वीस टक्के पैसे गेले. विमा कंपनीचा जबाब, म्हणजे क्लेमला दिलेलं लेखी उत्तर, वाचाल तर हा मुद्दा त्यात असतोच असतो : हेल्मेट नव्हतं, तिघे बसले होते, लायसन्स नव्हतं. पण नियम मोडला म्हणजे अपघात त्यामुळेच झाला असं नाही. ट्रिपल सीट बसणं हा केवळ तेवढ्यावर सहभागी निष्काळजीपणा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं आहे. त्याचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दाखवावा लागतो.

संयुक्त निष्काळजीपणा वेगळा. एसटी आणि ट्रकची धडक झाली, चूक दोघांची, आणि एसटीतला प्रवासी जखमी झाला. प्रवाशाची काहीच चूक नाही. अशा वेळी तो दोघांपैकी कोणा एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. त्या दोघांनी आपसातली वाटणी नंतर करावी. मोटारसायकलवर मागे बसलेल्यालाही हेच लागू पडतं. चालवणाऱ्याची चूक मागे बसलेल्याच्या पैशातून कापली जात असेल, तर वकिलांना तिथेच थांबवा.

आणि चूक पूर्णपणे स्वतःचीच असेल तर? मग 166 मध्ये काही मिळत नाही. तेव्हा पॉलिसीतला मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा पाहा. तो 15 लाखांचा असतो आणि कित्येक घरांत कोणालाच माहीत नसतो.

विमा कंपनीचा जबाब वाचताना

विमा कायद्यासाठी तुम्ही तृतीय पक्ष, म्हणजे थर्ड पार्टी. पहिला पक्ष वाहनमालक, दुसरा विमा कंपनी. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो तुमच्यासाठी, मालकाच्या गाडीसाठी नाही. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तिला अ‍ॅक्ट पॉलिसी म्हणतात. तिच्यात मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस सहसा येत नाही. म्हणून पॉलिसीची प्रत मागवून प्रीमियमचा तक्ता वाचा, कशाकशाचे पैसे भरलेत ते तिथेच दिसतं.

जबाबात ‘पॉलिसीच्या अटींचा भंग’ हा शब्दप्रयोग दिसेल. चालकाकडे वैध लायसन्स नाही, परमिट नाही, फिटनेस संपलेलं, असे मुद्दे त्यात येतात. लायसन्सबाबतचा एक गुंता आता सुटला आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवू शकतो. छोट्या टेम्पोंच्या कितीतरी केसेस या एका मुद्द्यावर अडत होत्या.

अटींचा भंग सिद्ध झाला तरी बऱ्याचदा न्यायाधिकरण ‘पे अँड रिकव्हर’ असा आदेश करतं. म्हणजे विमा कंपनीने तुम्हाला आधी भरावं आणि मग मालकाकडून वसूल करावं. तुमच्या दृष्टीने यात पैसे बुडत नाहीत. वाहनमालकाची मात्र झोप उडते.

एक बचाव मात्र खरोखर भारी पडतो : मालवाहू टेम्पोत बसलेले फुकट प्रवासी. वऱ्हाड टेम्पोत कोंबून नेण्याची आपली जुनी सवय. पण मालाच्या गाडीतल्या अशा प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2002 पासून ठामपणे सांगितलं आहे. मालाचा मालक मालासोबत बसला असेल तर गोष्ट वेगळी, पण त्याचा पुरावा लागतो. भाजीच्या पट्टीची पावतीसुद्धा इथे कामाला येते.

हिशेब : गुणक, अवलंबित, भावी वाढ

एक उदाहरण मांडतो, म्हणजे शब्द आपोआप जागेवर बसतील. 34 वर्षांचा गवंडी, महिन्याची कमाई 15 हजार. मागे बायको, दोन मुलं आणि आई.

वर्षाची कमाई 1,80,000. त्यात भावी वाढ, म्हणजे पुढे उत्पन्न वाढलं असतं हे गृहीत धरणं. स्वतःचं काम करणारा किंवा ठरावीक पगारावरचा माणूस 40 वर्षांच्या आतला असेल तर 40 टक्के, 40 ते 50 मध्ये 25 आणि 50 ते 60 मध्ये 10 टक्के. कायम नोकरीवाल्यासाठी हेच आकडे 50, 30 आणि 15. प्रणय सेठी खटल्यात घटनापीठाने 31 ऑक्टोबर 2017 रोजी हे ठरवून दिलं. आपल्या गवंड्याचे झाले 2,52,000.

यातून वैयक्तिक खर्च वजा करायचा, म्हणजे माणूस जिवंत असता तर स्वतःवर जे खर्चलं असतं ते. अवलंबित, म्हणजे त्याच्या कमाईवर जगणारे, दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, त्याहून जास्त असतील तर एक पंचमांश. अविवाहित असेल तर सहसा निम्मे. इथे अवलंबित चार, म्हणून 63,000 वजा. उरले 1,89,000.

आता गुणक, म्हणजे ही वर्षाची रक्कम वयानुसार ज्या आकड्याने गुणायची तो. हा तक्ता 2009 च्या सरला वर्मा निकालातला. वय 15 ते 25 ला 18, मग 30 पर्यंत 17, 35 पर्यंत 16, 40 पर्यंत 15, 45 पर्यंत 14, 50 पर्यंत 13, 55 पर्यंत 11, 60 पर्यंत 9, 65 पर्यंत 7 आणि त्यापुढे 5. वय 34, म्हणून गुणक 16. गुणाकार 30,24,000. शवविच्छेदन अहवालात अंदाजाने ‘वय 36’ पडलं असतं तर गुणक 15 झाला असता आणि 1,89,000 रुपये गेले असते. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला लावा.

त्यावर रूढ रकमा येतात : सहवासहानी (माणसाचा सहवास गेल्याबद्दलची भरपाई), मालमत्तेची हानी आणि अंत्यविधी खर्च. मूळ आकडे 40, 15 आणि 15 हजार, दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ. 2023 च्या वाढीनंतर ते 48,400, 18,150 आणि 18,150 धरले जातात. सहवासहानी फक्त पत्नीची नाही. मुलांना आईवडिलांच्या आणि आईवडिलांना मुलाच्या सहवासाचीही मिळते, म्हणून इथे चौघांची. एकूण आकडा 32,53,900. आता सहभागी निष्काळजीपणाचे वीस टक्के लावून पाहा. 6,50,780 रुपये एका वाक्यात गेले, आणि ते वाक्य बहुधा पंचनाम्यात असतं.

कमाईचा पुरावा नसेल तर काल्पनिक उत्पन्न धरतात. गृहिणीच्या कामाचंही असंच मोल ठरतं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सविस्तर लिहिलं आहे. तरी ठेकेदाराची वही, बँकेतल्या नोंदी, फोनवरून आलेले पैसे, जे मिळेल ते गोळा करा.

जखमीच्या बाबतीत अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेची हानी हे दोन वेगळे आकडे असतात. डॉक्टरांच्या दाखल्यावर 40 टक्के लिहिलं असेल, पण गुडघ्याखाली पाय गेलेला गवंडी परांचीवर चढू शकत नाही. त्याची कमाई खूप जास्त टक्क्यांनी गेलेली असते. तोच पाय कारकुनाचा असता तर हिशेब वेगळा. हा फरक सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या राजकुमार निकालाने पक्का केला. मात्र दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला आणावं लागतं, नुसता कागद पुरत नाही.

पुराव्यापासून पैशापर्यंत

न्यायालयात आधी मुद्दे निघतात, म्हणजे कोणत्या प्रश्नांवर निर्णय द्यायचा ते ठरतं, मग तुमचं सरतपासणीचं शपथपत्र, म्हणजे तुमची लेखी साक्ष, जातं. कागदांना निशाणी क्रमांक, म्हणजे न्यायालयाच्या नोंदीतला पुराव्याचा नंबर, पडतात. निशाणी पडली नाही तर तो कागद फाईलमध्ये असूनही नसल्यासारखा. मग उलटतपासणी. तिच्यात आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाज सांगू नका. पुरावा संपला की वकील पुरावा बंदची पुरसीस, म्हणजे तसं लेखी निवेदन, देतात. ती देण्याआधी एकदा विचारा, ‘बिलं सगळी निशाणीवर आली का?’ औषधांची बिलं पिशवीतच राहून गेलेली मी पाहिली आहेत.

मध्ये लोकअदालत येईल. तिथली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. पैसे लवकर मिळतात, हे खरं. फक्त जाताना आपला आकडा कागदावर काढून न्या. कंपनी सांगते तो आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवा आणि मगच मान हलवा.

न्यायाधिकरणाच्या निकालाला निवाडा म्हणतात. त्यात रक्कम, व्याज, कोणी भरायचं आणि कोणाला किती वाटा, हे सगळं असतं. व्याज अर्जाच्या तारखेपासून मिळतं, म्हणून अर्ज जितका आधी तितकं बरं. निवाड्यानंतर 30 दिवसांत रक्कम भरायची असते. अज्ञान मुलांचा वाटा सहसा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहतो. शिक्षणासाठी आधी लागला तर त्याच न्यायाधिकरणात अर्ज करता येतो.

निवाडा मान्य नसेल तर 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांना आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे. वाद एक लाखाच्या आतला असेल तर अपील चालत नाही.

आणि पैसे भरलेच नाहीत तर दरखास्त. म्हणजे निवाड्याची अंमलबजावणी करून मागणं. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला देऊ शकतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. सामनेवाला फक्त वाहनमालक असेल तर त्याच्या नावावरच्या जमिनीचा सातबारा आणि इतर गाड्यांचे नंबर दरखास्तीआधीच मिळवून ठेवा. निवाड्याच्या प्रमाणित प्रतीसाठी नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच करा, कारण अपील असो की दरखास्त, दोन्हींना तीच लागते.